सूर्य पाठीशी घ्या

(शतकपूर्ती वर्षाच्या आषाढी वारीत, लोणंद मुक्कामी दिंडीच्या राहुटीत झालेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. बोलणारे आपल्या दिंडीतले टाळकरी असून गावी त्यांचा फोटो स्टुडिओ आहे.)



सकाळी दिंडीप्रमुख मला म्हणाले, "आज मुक्काम आहे, पाय मोकळे आहेत. पोरांना ते फोटोचं काय ते जरा सांगा." आता मी काही कीर्तनकार नव्हे. तीस वर्षं लग्नं, बारशी, साखरपुडे आणि पासपोर्टचे फोटो काढत आलोय. तेव्हा बोलण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

विषय साधा आहे. सूर्य उगवताना आणि मावळताना फोटो कसा काढावा. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? फोन काढला, सूर्याकडं धरला, बटण दाबलं. तेच तर सांगायचंय. मी स्वतः तसंच केलं होतं आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. समितीनं सगळ्या गावांना निरोप दिला, वारीचे फोटो पाठवा. खटाव, कोरेगाव, तासगाव, कडेगाव, सगळीकडून फोटो आले. निवडायचं काम माझ्याकडं. बघायला बसलो तर निम्म्याहून जास्त फोटो सूर्याचे! लाल आभाळ, पिवळं आभाळ, ढगातून आलेली किरणं. सुंदर सगळं. पण शंभर वर्षांच्या पुस्तकात आपली माणसं दिसायला नकोत का? माणसं होती, पण काळी. सूर्यापुढं उभी केलेली. कोण आहे ते ओळखू येईना.

त्यातच एक फोटो माझा होता. आपले जुने विणेकरी काका तुम्हाला आठवत असतील. जन्मभर वीणा गळ्यात घेऊन चालले. त्यांच्या शेवटच्या वारीत, फलटण सोडून आपण बरडच्या वाटेला लागलो होतो. सूर्य नुकताच वर आला होता. मी मुद्दाम मागं राहिलो. काका पुढं होते, त्यांच्या डोक्यामागं बरोबर सूर्य आणला आणि हाक मारली. काका वळले. माझ्याकडं बघून हसले. मी फोटो काढला. डोक्याभोवती तेजाचं वलय, वीणेचा दांडा आभाळात गेलेला. लोकांनी फार वाखाणला. गावच्या कॅलेंडरवर आला. मीही छाती फुगवून फिरलो.

यंदा स्मरणिकेत काकांवर पानभर लेख लिहिला. फोटो हवा म्हणून मी तोच घेऊन काकूंकडं गेलो. काकूंनी चष्मा लावला, फोटो हातात घेतला, लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. मग मला म्हणाल्या, "ह्यात सूर्य हाय, इणा हाय. आमचं मालक कुठं हायती?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते हसले होते हे मला ठाऊक आहे, पण फोटोला ठाऊक नाही. स्टुडिओत येऊन संगणकावर उजेड वाढवून बघितला. काळ्याच्या जागी करडे दाणे आले, चेहरा आला नाही. जे फोटोत उतरलंच नाही ते नंतर कुठून आणायचं? शेवटी लेखाबरोबर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून छापायला दिलाय. त्यात काका हसत नाहीत.

चूक काय झाली ते नीट समजून घेऊ. आपल्या डोळ्याला सूर्यही दिसतो आणि त्यापुढच्या माणसाचा चेहराही. फोनला, कॅमेऱ्याला एवढं जमत नाही. समोर सूर्य आला की तो म्हणतो, उजेड फार झाला, आणि सगळंच अंधारं करतो. आभाळ छान येतं, माणूस काळा पडतो. याला उपाय एकच, आणि तो फुकट आहे. सूर्य आपल्या पाठीशी घ्या, माणसाचं तोंड सूर्याकडं करा. त्या सकाळी मी चार पावलं पळत काकांच्या पुढं गेलो असतो आणि वळून फोटो काढला असता, तर तेच कोवळं ऊन त्यांच्या तोंडावर असतं.

आता आपल्या वाटेवर हे कसं जमतं ते बघा. लोणंदहून पंढरपूर पूर्वेला आहे, किंचित दक्षिणेकडं झुकलेलं. साताऱ्याहून बघाल तर जवळजवळ सरळ पूर्वेला. आषाढात सूर्य नेमक्या पूर्वेला उगवत नाही, थोडा उत्तरेकडं सरकून उगवतो. म्हणजे सकाळी चालताना तो आपल्या डाव्या खांद्याच्या पुढं असतो आणि संध्याकाळी पाठीमागं मावळतो. सकाळी रांगेच्या पुढं जाऊन, कडेला उभं राहून येणाऱ्या माणसांकडं वळा. प्रत्येकाच्या तोंडावर ऊन आलेलं दिसेल. संध्याकाळी त्याच जागी उभं राहाल तर सूर्य त्यांच्या मागं असेल आणि माणसं काळी येतील. म्हणून संध्याकाळी रांगेच्या मागं राहा, चालणाऱ्यांच्या पाठीवर पडलेलं पिवळं ऊन घ्या. चेहरा हवा असेल तर "माउली" म्हणून हाक मारा. मागं वळून बघणाऱ्या माणसाच्या तोंडावर सगळा उजेड असतो.

मिरज, कवठेमहांकाळ, सांगोल्याच्या वाटेनं कार्तिकीला जाणारी मंडळी इथं आहेत. तुमची वाट ईशान्येकडं जाते आणि कार्तिकात सूर्य दक्षिणेकडं सरकलेला असतो. तो तुमच्या उजव्या हाताला उगवेल. तेव्हा रांगेच्या उजव्या अंगाला उभे राहा आणि सूर्याकडं पाठ करा.

वेळेचं सांगतो. आषाढी वारीच्या दिवसांत आपल्याकडं सूर्य सहाच्या आसपास उगवतो, सव्वासातच्या आसपास मावळतो. पंढरपुरात तो साताऱ्यापेक्षा पाचेक मिनिटं आधी उगवतो, कारण आपण पूर्वेला चालत आलेलो असतो. कार्तिकीला उगवतो साडेसहाच्या पुढं आणि सहाच्या सुमारास बुडतो. पण घड्याळ बघायची गरज नाही. संध्याकाळी हात पूर्ण लांब करा आणि चार बोटं आडवी धरा. सूर्य आणि डोंगराची कड यांच्यामध्ये बरोबर चार बोटं मावली, तर आपल्या भागात साधारण अर्धा तास उरलाय असं समजा. सूर्य टेकला की मग घाई करावी लागते. टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडं जेमतेम अडीच मिनिटं मिळतात.

सूर्य बुडाला की सगळे फोन खिशात घालतात. घालू नका. रंग खरा त्यानंतर चढतो. सूर्य खाली गेला तरी वरच्या ढगांना तो अजून दिसत असतो, म्हणून ते पेटल्यासारखे होतात. बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं आणि उगवायच्या आधी तेवढाच वेळ आभाळाकडं लक्ष ठेवा. या वेळेला आणखी एक सोय असते. सूर्य समोर नसल्यामुळं आभाळ आणि माणूस यांच्या उजेडात फार फरक राहत नाही. दोन्ही एका फोटोत आणायचे असतील तर हीच वेळ गाठा. काकडा आटोपून आपण निघायच्या तयारीत असतो, तेव्हा ती आपोआप हाती येते. तेवढा वेळ फोन मात्र हलू देऊ नका. उजेड कमी असला की हात हलल्यानं फोटो पुसट येतो. कोपर पोटाला लावा, ट्रकला नाहीतर झाडाला टेका, श्वास रोखा आणि मग बटण दाबा.

एक पोरगं मला विचारत होतं, "काका, आभाळ त्या वेळी लाल का होतं?" दुपारी सूर्य डोक्यावर असतो, उजेडाला हवेतून थोडंच अंतर यावं लागतं. सकाळ-संध्याकाळ तो तिरपा, पुष्कळ लांब हवेतून येतो. त्या वाटेत निळा रंग इकडंतिकडं विखरून जातो, तांबडा-पिवळा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. पाऊस पडून गेला की धूळ बसते, हवा धुतल्यासारखी होते आणि रंग खुलतो. फलटण, माण, खटाव हा कमी पावसाचा पट्टा. इथं आषाढात ढग असतात, पण मध्येमध्ये फटी पडतात. पाऊस थांबला आणि पश्चिमेला ढगाखाली उजेडाची पट्टी दिसली, तर समजा आज आभाळ रंगणार.

आणि ढग गच्च असले, सूर्य दिसलाच नाही तर? तर नाराज होऊ नका. ढगाळ सकाळी उजेड चहूकडून सारखा येतो. डोळे मिचकावे लागत नाहीत, टोपीची, पदराची सावली तोंडावर पडत नाही. म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढायला याच्यासारखा उजेड नाही.

आता फोन हातात घ्या. पहिलं काम, काच पुसा. घाम, धूळ, बुक्का, सगळं त्या काचेवर बसलेलं असतं. मळक्या काचेतून सूर्याकडं बघितलं की सगळा फोटो धुरकट होतो. मऊ, कोरड्या सुती कापडानं पुसा. दुसरं, बोट चेहऱ्यावर टेकवा. बहुतेक फोनांत तिथं चौकोन नाहीतर गोल येतो आणि शेजारी छोटा सूर्य दिसतो. तो वर सरकवला की उजेड वाढतो, खाली ओढला की कमी होतो. माणूस महत्त्वाचा असेल तर चेहरा नीट दिसेपर्यंत वाढवा. आभाळ पांढरं पडलं तर पडू द्या. आभाळ उद्याही येणार आहे. तिसरं, दोन बोटांनी चित्र ओढून जवळ आणू नका, त्यानं फोटो फाटतो. चार पावलं पुढं जा.

सूर्य फोटोत एवढासा का येतो, हेही पुष्कळजण विचारतात. तो मुळात लहानच दिसतो. सूर्याकडं टक लावून बघायचं नसतं, म्हणून हे चंद्रावर करून बघा. चंद्र आणि सूर्य आपल्याला सारख्याच मापाचे दिसतात. हात लांब करून करंगळी चंद्रापुढं धरली तर तो तिच्याआड पूर्ण लपतो. एवढ्याशा गोळ्याला फोनच्या रुंद काचेत मोहरीएवढी जागा मिळते. मग नुसत्या सूर्याच्या फोटोत उरतं काय?

सूर्य समोर ठेवून काळी आकृती काढूच नये असं मी म्हणत नाही. ज्याची ओळख आकारावरून पटते त्याची काढा. पताका, डोक्यावरचं तुळशीवृंदावन, वीणा, बाभळीचं झाड, देवळाचं शिखर. ते सूर्यापुढं शोभतं. पंढरपुरात देऊळ नदीच्या पश्चिम काठावर आहे. संध्याकाळी वाळवंटातून देवळाकडं बघाल तर शिखरं काळी आणि मागं रंग. सकाळी त्याच वाळवंटातून बघाल तर घाटावर, शिखरावर ऊन आलेलं. जागा एकच, फोटो दोन. पण माणसाची ओळख आकारात नसते, तोंडावर असते. काकांच्या फोटोत मला वीणा मिळाली ती म्हणूनच.

सूर्यही हवा आणि चेहराही हवा, असा हट्ट असेल तर एक युक्ती सांगतो. लग्नात आम्ही पांढरी छत्री वापरतो. इथं धुतलेलं पांढरं धोतर आहेच. दोघांनी ते माणसाच्या समोर, फोटोच्या चौकटीबाहेर ताणून धरायचं. सूर्याचा उजेड त्याच्यावर आपटून तोंडावर येतो. नाहीतर फोनचा फ्लॅश लावा, पण माणूस चार-पाच फुटांच्या आत हवा. त्यापुढं तो पोचत नाही.

आता जरा कडू बोलतो. नीरेला, चंद्रभागेला पहाटे बायाबापड्या आंघोळ करत असतात. तिकडं फोन वळवायचा नाही. उगवत्या सूर्याचा फोटो काढत होतो, ही सबब चालणार नाही. स्टेटसला टाकलेला फोटो कुठल्या कुठं जातो. आपल्या आईचा तसा फोटो कुणी काढला तर चालेल का, एवढं मनाला विचारा. माणूस जागा असेल तर विचारून काढा, झोपलेला असेल तर काढू नका.

रांगेचंही भान हवं. ज्या हैबतबाबांनी या सोहळ्याला शिस्त लावली ते आपल्या साताऱ्याजवळच्या आरफळचे. निदान आपल्याकडून तरी ती मोडू नये. फोटोसाठी रांगेत थांबायचं नाही, कडेला व्हायचं. रस्त्याच्या मधे जायचं नाही, पुलावर रेंगाळायचं नाही. उद्या चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण आहे, अश्वाच्या वाटेत फोन घेऊन घुसायचं नाही. आणि उलटं चालत फोटो काढायचा नाही. मी एकदा तसं करताना एका माउलीच्या अंगावर पडलो होतो. तिच्या डोक्यावर वृंदावन होतं. तिनं ते एका हातानं सावरलं, दुसऱ्या हातानं मला उठवलं. बोलली काहीच नाही. त्या दिवशी मी फोन पडशीत टाकला तो मुक्कामालाच काढला.

फोटो काढून झाला की काम संपत नाही. स्मरणिकेसाठी आलेल्या कितीतरी फोटोंवर ना नाव, ना गाव, ना साल. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो पाठवला की तो आकसतो, छापायला घेतला की फाटतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याखाली माणसाचं नाव, गाव आणि साल लिहा. वर्षातून एकदा चांगले दहा-वीस फोटो कागदावर छापून घ्या. फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो, बिघडतो. कागद पेटीत राहतो. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल असायचा, म्हणून माणूस विचार करून बटण दाबायचा. आता हजार निघतात आणि हवा तो सापडत नाही.

गावी परतल्यावरही हे विसरू नका. महाबळेश्वरला बॉम्बे पॉइंटवर संध्याकाळी बघा, झाडून सगळे सूर्याकडं फोन धरून उभे असतात. त्यातल्या एकानं जरी मागं वळून बघितलं, तर आपल्याच आईबापांच्या, पोराबाळांच्या तोंडावर तो सगळा रंग आलेला दिसेल. कऱ्हाडला संगमावर, सांगलीला कृष्णेच्या घाटावर जाल, तिथंही असंच करा. आभाळाचा फोटो एक काढा, हौस भागवा. मग वळा.

आता कामाला लावतो. परवा पहाटे आपण तरडगाव सोडू, फलटणच्या वाटेला लागू. आभाळ उघडं असलं तर सूर्य डाव्या अंगाला पुढं येईल. फोन असलेल्या प्रत्येक पोरानं, पोरीनं दिंडीतली दोन म्हातारी माणसं वाटून घ्यायची. विसाव्याला बसली की विचारायचं, तोंड उन्हाकडं करायचं, आपण सूर्याला पाठ द्यायची आणि एकेकाचा चांगला फोटो काढायचा. नाव, गाव, साल लिहून माझ्याकडं द्यायचा. पंढरपूरला पोचेपर्यंत दिंडीतलं एकही माणूस फोटोवाचून राहता कामा नये. दोनशे वर्षांची स्मरणिका काढणारी पोरं कोण असतील ते आपल्याला माहीत नाही, पण त्यांना आपले चेहरे लागतील.

सुरुवात मी आज सकाळीच केली. काकू यंदाही चालतायत, त्या तिकडं कोपऱ्यात बसल्यात. पहाटे राहुटीबाहेर त्यांना उन्हाकडं तोंड करून बसवलं आणि फोटो काढला. लगेच म्हणाल्या, "दाव बघू." फोन हातात दिला. चष्मा लावला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाल्या, "डोळं दिसत्यात. ऱ्हाऊ दे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्यांचा पण असा काढाया पायजे हुता, बाबा."

हो काकू, काढायला पाहिजे होता.

राम कृष्ण हरी.